गेरूची रेघ आणि सव्वा पानाचं पत्र: लो-बजेट कल्ट सिनेमाच्या पटकथाकाराचं एक प्रकरण

हे प्रकरण एका एनओसीचं, म्हणजे ना-हरकत पत्राचं, आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या एका पटकथाकाराला त्याच्या सहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटाच्या निर्मात्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पानाची पीडीएफ येते. खाली मजकूर: "अरे, एक फॉर्मॅलिटी राहिलीये. प्रिंट काढ, सही कर आणि फोटो पाठव. आजच लागेल." लेखकाचं उत्तर: "दादा, वाचून सांगतो."

अभ्यासासाठी प्रकरण बांधून घेतलं आहे. लेखक, निर्माता, चित्रपट आणि त्यांच्यातले व्यवहार कल्पित आहेत. रकमा छोट्या मराठी निर्मितीत शोभतील अशा धरल्या आहेत. कायद्याच्या तरतुदी, संस्था आणि पुण्याचा इतिहास मात्र जसा आहे तसाच घेतला आहे.

एका कंपनीला या चित्रपटाचा हिंदी रीमेक बारा लाखांत करायचा होता, त्यासाठी ही पीडीएफ. तिच्यात तीनच वाक्यं होती. लेखकाने कथा, पटकथा व संवादांचे सर्व हक्क, रीमेकसह, कायमस्वरूपी व जगभरासाठी निर्मात्याला पूर्वीच दिलेले आहेत. लेखकाचं कोणतंही येणं बाकी नाही. पुढील कोणत्याही व्यवहारास त्याची हरकत नाही. यातला 'पूर्वीच' हा शब्द सगळ्यात महाग आहे. नवा हक्क घ्यायचा तर मोबदला द्यावा लागतो; जुनाच हक्क 'पुन्हा एकदा मान्य' करून घ्यायला काहीच द्यावं लागत नाही. आणि येणं तर बाकी होतं, पन्नास हजार रुपये.

चित्रपट कसा लिहिला गेला

लेखक एकांकिकांतून आलेला. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकासाठी दोन वर्षं लिहिलं, मग हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. २०१३ मध्ये त्याने भयपटाचा पहिला ड्राफ्ट लिहिला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्याखाली गेले. कथेत अशाच एका वाड्यातल्या बिऱ्हाडांना पन्नास वर्षांनंतर तो पूर पुन्हा चढताना जाणवतो. पाणी कुणाला दिसत नाही. भिंतीवर पुराच्या पातळीची गेरूची रेघ आहे, ती रोज वर सरकते.

ही रेघ पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्हती. त्यात खरा पूर होता. १३८ पानं, ११८ सीन, ४१ लोकेशन्स, २३ पात्रं. निर्मात्याकडे होते ४५ लाख. त्याचा हिशोब असा: सोळा दिवसांचं शूटिंग दिवसाला सव्वा लाखाप्रमाणे २० लाख, कलाकार ६, संकलन, साउंड आणि डीआय (रंगांची डिजिटल दुरुस्ती) मिळून ८, संगीत अडीच, सेन्सॉर, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) आणि प्रसिद्धी ७, लेखन दीड. म्हणजे लेखनाच्या वाट्याला शेकडा सव्वातीनच्या आसपास.

सोळा दिवसांत काय बसतं हे पानांत मोजता येतं. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. बारा तासांच्या शिफ्टमध्ये छोटं युनिट, एकाच ठिकाणी, कॅमेरा आणि लाइट फार न हलवता पाच ते सहा पानं काढतं. दिवसात एकदा जरी जागा बदलली तर सामान बांधणं, टेम्पो, पुन्हा लाइट लावणं यात तीन तास जातात आणि तेवढ्यात दीड पान बुडतं. त्यामुळे अंतिम ड्राफ्ट ९२ पानांचा झाला: एक वाडा, सात पात्रं, दिवसाला पावणेसहा पानं.

कापाकापीत पहिली चूक नेहमीची झाली. पात्रं काढली, पण त्यांची वाक्यं उरलेल्या पात्रांना वाटून दिली. परिणामी तिसऱ्या ड्राफ्टमध्ये सातही जण एकाच आवाजात बोलू लागले. मग दोन पात्रांची वाक्यं नव्हे, गरजा एकत्र केल्या. भाडं थकलेला भाडेकरू आणि वाडा विकायला निघालेला पुतण्या हे एकच पात्र झालं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला आपोआप दोन बाजू आल्या. कमी पैशांतल्या लेखनात हे सगळ्यात उपयोगी काम आहे, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरी अडचण मधल्या भागाची. एकाच जागेतला चित्रपट चाळिसाव्या ते साठाव्या पानात ढेपाळतो, कारण प्रेक्षकाने जागा पाहून झालेली असते. इथे रेघेने वाचवलं. रेघ जिथवर चढेल तिथवर जायचं नाही, हा नियम पात्रांनी घालून घेतला. मग आधी ओसरी बंद झाली, नंतर माजघर, शेवटी सगळे माडीवर. दर वीस-बावीस मिनिटांनी एक जागा हातची जाते, आणि नवीन लोकेशनवर एक पैसा खर्च न होता चित्र बदलतं. पूर दाखवायला पैसे नव्हते म्हणून रेघ आली, आणि पुढे लोकांनी डोक्यावर घेतली ती हीच रेघ. अमेरिकेत १९६० साली रॉजर कॉर्मनच्या 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य शूटिंग आधीच उभ्या असलेल्या सेटवर दोन दिवसांत उरकलं गेलं. चार्ल्स ग्रिफिथची पटकथा तेवढ्यात मावेल अशी होती. लेखकाने निर्मितीचा हिशोब डोक्यात ठेवून लिहायचं, ही या जातीच्या सिनेमाची जुनी रीत आहे.

रेघेने त्रासही दिला. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही. तारखा नटांच्या असतात. म्हणून लेखकाने प्रत्येक सीनच्या डोक्यावर रेघेची उंची लिहून दिली: 'सीन ३१, माजघर, रात्र, रेघ ३ फूट २ इंच'. दिग्दर्शनाच्या सहायकांना याचा मोठा आधार झाला. पण पहिल्याच दिवशी कळलं की चुन्याच्या भिंतीवर गेरू ओढला की तो पुसला जात नाही, ओल्या फडक्याने उलट लाल डाग पसरतो. उंचीवरून खाली यायचं तर भिंतच नवी हवी. दुसऱ्या दिवशी कलाविभागाने आठ बाय चारचे तीन प्लाय भिंतीच्या रंगात रंगवून घेतले आणि रेघ त्यांच्यावर आली. यात अर्धा दिवस गेला. रिकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहायला, जाताना लेखकाला बरोबर नेलं असतं तर ही गोष्ट तिथेच लक्षात आली असती.

वाडा पेठेत शोधला नाही, सासवडमध्ये घेतला. पेठेत रिक्षा, हॉर्न, शेजारचं बांधकाम यामुळे सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच घेतलेला आवाज, मिळत नाही, आणि सगळं डबिंगवर टाकलं की पोस्ट-प्रॉडक्शनचा खर्च वाढतो. पटकथेतले ५४ सीन रात्रीचे होते. ते दिवसा काढले. चौकावर काळं कापड ताणलं, खिडक्या बाहेरून बंद केल्या. रात्रपाळी टळली की जनरेटर, जादा जेवण आणि दुसऱ्या दिवशी दमलेलं युनिट हे तिन्ही टळतं. हे शक्य झालं कारण रात्रीच्या एकाही सीनमध्ये आकाश लिहिलेलं नव्हतं. शूटिंग जानेवारी-फेब्रुवारी २०१५ मध्ये सोळा दिवसांत संपलं.

पैसे

जून २०१४ मध्ये स्टॅम्प पेपरवर सव्वा पानाचं पत्र झालं होतं. मोबदला दीड लाख: सहीच्या वेळी २५ हजार, बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे शूटिंगसाठी पक्की झालेली पूर्ण संहिता, दिल्यावर ५०, शूटिंग सुरू होताना २५ आणि 'प्रदर्शनानंतर' ५०. पहिले तीन हप्ते आले, १० टक्के टीडीएस कापून हातात नव्वद हजार. दोन वर्षांनी लेखकाने फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, पाहिला तेव्हा त्यात ही कपात दिसलीच नाही. निर्मात्याने कापली होती, भरली नव्हती. हे छोट्या निर्मितीत सर्रास होतं, म्हणून प्रत्येक तिमाहीनंतर हा तक्ता पाहावा आणि कपातीचा दाखला मागावा. युनिट पांगल्यावर हे कागद देणारा माणूस सापडत नाही.

शेवटचा हप्ता प्रदर्शनाला बांधणं ही मोठी चूक. प्रदर्शन लेखकाच्या हातात नसतं. इथे चित्रपट मार्च २०१६ मध्ये लागला, तरी 'नंतर' म्हणजे कधी हे लिहिलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात शो मिळाले ते दुपारचे आणि आडवेळचे, दुसऱ्या शुक्रवारी चित्रपट उतरला. शासनाचं अनुदान गुणांकनावर मिळतं, तेही मिळालं नाही. निर्माता म्हणाला, "माझेच पैसे निघाले नाहीत." लेखकाने तोंडी तगादा लावला, लेखी काही पाठवलं नाही. पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. त्या आत निर्मात्याने सहीनिशी कबुली दिली असती तर मुदत तिथून नव्याने मोजता आली असती. मार्च २०१९ उलटल्यावर कोर्टाच्या दृष्टीने ते पन्नास हजार जवळपास गेल्यात जमा होते.

मधली पाच वर्षं लेखक मालिकांवर जगला. मालिकेत पटकथा आणि संवाद यांचे लेखक बहुतेकदा वेगळे असतात. तो संवाद लिहायचा आणि एपिसोडप्रमाणे पैसे मिळायचे. यात कमीपणा काहीच नाही, घरभाडं त्यातूनच निघालं. तोटा एवढाच की या काळात त्याने स्वतःची दुसरी स्क्रिप्ट पूर्ण केली नाही, आणि नेमकी तीच पुढे लागणार होती.

कल्ट होणं म्हणजे काय झालं

२०२० च्या टाळेबंदीत निर्मात्याने चित्रपट एका ओटीटीला सहा लाखांत एकरकमी विकला. तिथून माडीवरच्या सीनचे तुकडे फोनवर फिरू लागले. "पाणी नाहीये, पण पाय ओले आहेत" हा संवाद टी-शर्टवर आला. थिएटरं उघडल्यावर फिल्म क्लबांनी खेळ लावले, आणि प्रेक्षक रेघ सरकली की एकसुरात उंची ओरडून सांगू लागले. यातला एकही रुपया लेखकाकडे आला नाही. आले ते फोन: "तसलंच काहीतरी दे, तीस लाखांत बसव."

कल्ट चित्रपटाची किंमत उशिरा ठरते, आणि लेखक सही करतो त्या दिवशी ती शून्य असते. हक्क कुणाकडे आहेत हा प्रश्न म्हणून इथे यशस्वी चित्रपटापेक्षाही महत्त्वाचा. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव आयत्या वेळी बदलताना कॉपीराइटची ओळ पडद्यावरून गळली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. जगभर पाहिला गेला तरी करणाऱ्यांना त्यातलं फारच थोडं मिळालं. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात हक्क निर्माण व्हायला ओळही लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. आपल्याकडचा लेखक हक्क घालवतो तो सही करून.

सव्वा पानाचं पत्र

लेखक इतकी वर्षं समजत होता की आपण सगळं देऊन बसलो. वकिलाने पत्र वाचलं तर मजकूर असा: 'सदर चित्रपटासाठी मी लिहिलेल्या कथा, पटकथा व संवादांचे सर्व हक्क निर्मात्यास देत आहे.' किती काळासाठी, ते नाही. कुठल्या प्रदेशासाठी, ते नाही. रीमेकचा उल्लेख नाही.

कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे उपयोगी पडतं. हस्तांतरण लेखी हवं आणि कुठले हक्क, किती काळ, कुठे हे त्यात सांगायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणजे जून २०१४ चं हस्तांतरण जून २०१९ ला संपलं, असं लेखकाला म्हणता येत होतं. करारात वेगळं लिहिलेलं नसेल आणि हक्क वर्षभर वापरले नाहीत तर हस्तांतरण आपोआप संपतं, हे याच कलमातलं दुसरं संरक्षण. पण शूटिंग आठ महिन्यांत झाल्याने ते इथे लागू नव्हतं.

याचा अर्थ चित्रपट निर्मात्याचा राहिला नाही असा मात्र नाही. तयार चित्रपटावर निर्मात्याचा स्वतंत्र कॉपीराइट असतो आणि तो दाखवण्यापासून त्याला अडवता येत नाही. लेखकाकडे परत येतं ते पटकथेवरून नवं काही करण्याचं स्वातंत्र्य: रीमेक, पुढचा भाग, नाटक.

निर्मात्याचं म्हणणं होतं, "पैसे देऊन मी लिहून घेतलंय, म्हणजे माझंच." हा समज इंडस्ट्रीत खोल रुजलेला आहे. लेखक नोकरीत असेल आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर पहिला हक्क मालकाचा होतो. हा लेखक पगारी नव्हता, आणि पहिला ड्राफ्ट तर निर्माता भेटण्याआधीचा होता.

ओटीटीच्या सहा लाखांबद्दल कलम १८ आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला थिएटरबाहेरच्या वापरासाठीचा रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही. कराराने सोडला तरी तो सोडलेला धरत नाहीत. हक्क पक्का आहे, वसुली अवघड. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीची वसुली जितकी रुळली आहे तितकी पटकथाकारांची रुळलेली नाही. म्हणून वकिलाने या मुद्द्यावर भांडण काढलं नाही, फक्त नव्या करारात 'वैधानिक रॉयल्टीचा हक्क अबाधित' एवढं वाक्य घालून घेतलं. '२०१४ मध्ये ओटीटी नव्हतंच' हा मुद्दाही बाजूला ठेवला. करारात न सांगितलेल्या आणि तेव्हा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला हस्तांतरण लागू होत नाही हे खरं, पण इंटरनेटवर चित्रपट दाखवणं तेव्हा सुरू झालेलं होतं. कमजोर मुद्दा आधी मांडला की पक्क्या मुद्द्याचंही वजन जातं.

पुरावे

लेखकाने २०१३ मध्ये मुंबईच्या लेखक संघटनेत, म्हणजे आताच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, तीन पानांचा कथासार नोंदवला होता. अंतिम पटकथा नोंदवलीच नव्हती. ही नोंदणी फक्त एवढं सिद्ध करते की अमुक मजकूर अमुक तारखेला अमुक माणसाकडे होता. आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, हे १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. तीन पानांत मांडणी किती येणार? पुढे एका वेब मालिकेत भिंतीवरची वाढती खूण दिसली तेव्हा लेखकाला काहीच करता आलं नाही, आणि कायद्याने ते बरोबरही आहे.

सुदैवाने सातही ड्राफ्ट पीडीएफ करून ईमेलने दिग्दर्शक आणि निर्मात्याला गेलेले होते, तारखांसकट. पेन ड्राइव्हवर दिलेल्या स्क्रिप्टला अशी तारीख नसते. नोंदणी करायचीच तर बाउंड स्क्रिप्टची करावी. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं.

क्रेडिटचा गुंता वेगळा. पडद्यावर 'कथा' दिग्दर्शकाच्या नावावर आणि 'पटकथा-संवाद' दोघांच्या नावावर गेलं होतं. लेखकाने तेव्हा मनाला लावून घेतलं, पण लेखी हरकत घेतली नाही. आता मात्र रीमेकचे पैसे 'कथा' या शब्दावर ठरणार होते. हक्क विकल्यावरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकाकडे राहतो, आणि २०१३ ची नोंदणी इथे कामी आली. सगळं एका वाड्यात आणण्याचा आग्रह दिग्दर्शकाचा होता, दोन सीन त्याने स्वतः लिहिले होते. ते लेखकाने नाकारलं नाही. कथा आणि संवाद लेखकाचे, पटकथा दोघांची, असं दोघांनी ईमेलवर मान्य केलं. हे जमलं म्हणूनच पुढचं जमलं. दिग्दर्शक निर्मात्याच्या बाजूने उभा राहिला असता तर खरेदीदाराने दोघांनाही टाळलं असतं.

सही

लेखकाची ताकद कोर्टात नव्हती. बारा लाखांच्या रीमेकसाठी वर्षानुवर्षं खटला कुणालाच परवडत नाही. ताकद खरेदीदाराच्या फाइलमध्ये होती. हिंदी रीमेक करणारी कंपनी मालकीची साखळी मागते: लेखकापासून निर्मात्यापर्यंत प्रत्येक सही दाखवा, नाहीतर पुढे ओटीटी चित्रपट घेत नाही. त्या साखळीत एक कडी कमी होती, म्हणूनच पीडीएफ 'आजच' हवी होती.

लेखकाने फोनवर एकच वाक्य सांगितलं: "दादा, माझी ना नाही, पण या कागदावर नाही." पुढे तीन आठवडे सगळं ईमेलवर झालं. शेवटी ठरलं ते असं. कंपनीने लेखकाशी थेट करार केला. बारा लाखांतले चार लाख ऐंशी हजार त्याचे, ते निर्मात्यामार्फत न येता सरळ खात्यात. सहीला ३० टक्के, शूटिंगच्या पहिल्या दिवशी ४०, उरलेले प्रदर्शन किंवा करारापासून अठरा महिने, यातलं जे आधी होईल तेव्हा. हक्क फक्त हिंदीतल्या एका चित्रपटाचा. चोवीस महिन्यांत शूटिंग सुरू झालं नाही तर तो परत. 'मूळ कथा व संवाद' हे श्रेय पडद्यावर वेगळ्या कार्डावर आणि पोस्टरवरही. निर्मात्याने जुने पन्नास हजार वेगळ्या चेकने दिले. तिथे कायद्याची सक्ती उरलेली नव्हती, सहीची गरज होती. वकिलाची फी ३५ हजार.

लेखकाने पुढचा भाग करण्याचा हक्कही मागितला, आणि मूळ चित्रपटाचं नाव वापरण्यावर बोलणी अडली. नाव निर्मात्याच्या नावाने नोंदलेलं आहे. तो मुद्दा करारातून वगळला. पुढचा भाग लिहिला तर त्याला दुसरं नाव द्यावं लागेल किंवा निर्मात्याला सोबत घ्यावं लागेल.

नाटकाचा हक्क लेखकाकडेच राहिला. त्याच वर्षी एका कॉलेजच्या मुलांनी माडीवरच्या प्रसंगावर एकांकिका करायची परवानगी मागितली. त्याने मानधन घेतलं नाही, पण अर्धं पान लिहून दिलं: फक्त माडीचा भाग, मराठीत, एका स्पर्धेच्या सगळ्या फेऱ्यांसाठी, ३१ डिसेंबरपर्यंत, व्हिडिओ चित्रीकरण नाही, संहितेच्या पहिल्या पानावर आणि जाहिरातीत मूळ लेखकाचं नाव. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तारीख.